मूठ उघडते, हात परत येतो का?

अण्णांची नखे कापायला दोन माणसे लागत. एकाने त्यांचे मनगट हलकेच आतल्या बाजूला वळवून धरायचे, म्हणजे बोटे किंचित सैल होतात; दुसऱ्याने तेवढ्या फटीतून नेलकटर सरकवायचे. पक्षाघाताच्या झटक्याला तेव्हा दीड वर्ष होऊन गेले होते. उजवा हात कोपरात दुमडून छातीला चिकटलेला, मूठ गच्च वळलेली, अंगठा बोटांच्या आत अडकलेला. नख वाढले की तळहातात रुते. घाम साचून कातडी पांढरी पडे आणि एक वास येई. तो घरात सगळ्यांना येत असे, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. काकू रोज सकाळी मऊ सुती फडक्याची सुरळी करून मुठीत बसवत. ती बसवताना अण्णा कण्हत.

अशातच एका डॉक्टरांनी सुचवले की हाताला इंजेक्शने देऊन पाहू, स्नायू सैल पडतील. चुलतभावाने विचारले, "हात चालायला लागेल का?" काकूंनी विचारले, "मूठ उघडेल का?" डॉक्टर दोघांनाही म्हणाले, "फरक पडेल." हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत, हे त्या खोलीत कुणाच्याच लक्षात आले नाही. मीही तिथेच होतो. माझ्याही नाही.

या उपचाराबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हा श्रीमंतांचा, सुरकुत्या घालवण्याचा उद्योग. गरीब रुग्णाच्या घरच्यांना यात ओढू नये. दुसरे म्हणते, परदेशात हे कधीचेच रूढ झाले आहे, आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळत नाही हा अन्याय आहे. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही मते काकूंचा आणि चुलतभावाचा प्रश्न एकच समजून पुढे जातात, म्हणून कोणत्याच मताने निकाल लागत नाही.

आधी हात आखडतो म्हणजे काय होते ते पाहू. मेंदूचा एक भाग रक्ताविना मेला किंवा रक्तस्रावाने दबला की पहिल्यांदा हातपाय लुळे पडतात. मग काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, तोच लुळा हात ताठर होऊ लागतो. घरच्यांना वाटते, बळ येते आहे. प्रत्यक्षात घडते ते निराळे. स्नायू ताणला गेला की त्याने आकसायचे ही पाठीच्या कण्यातली उपजत प्रतिक्रिया असते आणि मेंदू तिला एरवी लगाम घालून ठेवतो. तो लगाम सुटलेला असतो. म्हणून असा हात सावकाश उघडला तर उघडतो आणि हिसका दिला तर आणखी गच्च होतो. ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये स्पॅस्टिसिटीची, म्हणजे या ताठरपणाची, जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे: ताणण्याचा वेग वाढला की विरोध वाढतो.

पण पक्षाघाताच्या हातात एवढे एकच दुखणे नसते. ताठर स्नायू महिनोन्महिने त्याच स्थितीत राहिला की तो खरोखरच आखूड होतो, सांध्याभोवतीचे पडदे घट्ट होतात आणि मग सावकाश ओढूनही तो उघडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे अशक्तपणा. बोटे उघडण्याचा मेंदूचा हुकूमच स्नायूपर्यंत पोचत नाही. ताठरपणा, आखूडपणा आणि दुबळेपणा हे तिघे एकाच मुठीत बसलेले असतात आणि बाहेरून तिघांचा चेहरा सारखा दिसतो. इंजेक्शन यांतल्या पहिल्यावर चालते. दुसऱ्यावर थेट चालत नाही, तिसऱ्यावर तर नाहीच. उलट नेम चुकला किंवा मात्रा जास्त झाली तर दुबळेपणा वाढतो. तपासणाऱ्याचे खरे कसब हे तिघे वेगळे ओळखण्यात आहे. पाच मिनिटांत ते होत नाही.

या इंजेक्शनातल्या औषधाची, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनची, कथा दोनशे वर्षांची आहे. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतात खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे मरत. त्यांच्या पापण्या झुकत, गिळणे बंद होई, शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या सुमारास या विषबाधेची बारकाईने नोंद केली. केर्नर कवीही होता. या विषाचा अत्यल्प अंश, अतिरेकाने काम करणाऱ्या मज्जातंतूंना शांत करायला वापरता येईल, असा तर्क त्याने तेव्हाच मांडला. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणातले डुकराचे मांस खाऊन लोक आजारी पडले, आणि एमिल फान एर्मेंगेम यांनी त्यातून जिवाणू शोधून काढला. तोच आजचा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्याच्या स्नायूत या जिवाणूच्या विषाचा थेंब टोचून पाहिला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला परवानगी दिली. त्याच वर्षी दास आणि पार्क या दोन डॉक्टरांनी पक्षाघातानंतरच्या ताठरपणात ते वापरल्याचा अहवाल ब्रिटनमध्ये छापला. सुरकुत्यांसाठीची अमेरिकी मान्यता २००२ ची. ताठर हातासाठीची मान्यता यायला मात्र २०१० उजाडले आणि पायासाठीची २०१६ मध्ये आली. आपल्याकडे बोटॉक्स म्हटले की लोकांना सिनेमातले चेहरे आठवतात. या औषधाचा जन्म मात्र आजारी माणसांसाठीच झाला होता.

ते काम कसे करते हेही सांगायला हवे, कारण त्याची मर्यादा त्याच्या कामातच आहे. मज्जातंतूचे टोक स्नायूला अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून निरोप देते. हे रसायन बाहेर सोडायला जी प्रथिने लागतात, त्यांतले स्नॅप-२५ नावाचे एक प्रथिन बोट्युलिनम टॉक्सिनचा ए प्रकार कापून टाकतो. निरोप थांबतो, स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, महिन्या-दीड महिन्यात शिगेला पोचतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतू नवे धुमारे फोडतो आणि जुने टोकही पुन्हा कामाला लागते. म्हणजे हा उपचार म्हणजे तीन महिन्यांसाठी उघडलेली खिडकी आहे. ती उघडी असताना घरात काय होते यावर सगळे अवलंबून आहे.

आता पुरावा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत मनगट आणि बोटे आखडलेले पक्षाघाताचे १२६ रुग्ण होते. निम्म्यांना टॉक्सिन, निम्म्यांना औषध नसलेले पाणी. कुणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. या चाचणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांसोबत बसून आधी ठरवायचे होते की आपल्याला सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे: हाताच्या स्वच्छतेचा, कपडे घालण्याचा, हाताच्या ठेवणीचा, की दुखण्याचा. सहा आठवड्यांनी औषध मिळालेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांना त्या निवडलेल्या बाबतीत बरे वाटले. पाणी मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. काकूंचा प्रश्न याच जातीचा होता, आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी ठाम 'हो' असे आहे.

चुलतभावाच्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या उत्तर भागात मिळाले. तिथल्या बारा केंद्रांवर ३३३ रुग्णांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१०-११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना हाताचे व्यायाम सारखेच दिले गेले, फक्त एका गटाला सोबत टॉक्सिन मिळाले. मोजायचे होते ते हाताचे प्रत्यक्ष काम: वस्तू पकडणे, उचलणे, ठेवणे. महिन्याने टॉक्सिन गटात सुमारे २५ टक्क्यांच्या हातात ठरवलेली सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात सुमारे २० टक्क्यांच्या. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. खर्चाच्या हिशेबातही ब्रिटनच्या सार्वजनिक व्यवस्थेच्या नेहमीच्या मापात हा उपचार बसला नाही. मात्र त्याच चाचणीत स्नायूंचा ताठरपणा उतरला, कपड्याच्या बाहीत हात घालणे, तळहात धुणे यांसारखी साधी कामे सोपी झाली आणि वर्षअखेर दुखणेही कमी आढळले.

उपचाराचे विरोधक या चाचणीतला पहिला भाग उचलतात, समर्थक दुसरा. मला वाटते दोन्ही भाग एकत्र वाचले की चित्र स्वच्छ दिसते. सैल झालेला हात हाताळता येतो. तो आपोआप काम करू लागत नाही. याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. काही रुग्णांत बोटे उघडण्याची थोडी ताकद परत आलेली असते, पण मूठ वळणाऱ्या स्नायूंच्या ताठरपणाखाली ती दबून गेलेली असते. अशांना इंजेक्शनानंतर पेला धरता येऊ शकतो. ते कोण, हे ओळखायला तात्पुरती भूल देऊन त्या मज्जातंतूला काही तासांपुरते गप्प करून पाहता येते. हात उघडतो का, उघडल्यावर बोटे स्वतःहून हलतात का, हे त्या काही तासांत कळते. ही तपासणी खर्चिक नाही. वेळ मात्र लागतो.

मूठ उघडणे ही किरकोळ गोष्ट आहे असे मानणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. हाताचे काम हे मोजपट्टीवर चढते. तळहाताची जखम, रात्रीची झोप, अंघोळ घालणाऱ्या बाईची कंबर हे सहजासहजी चढत नाही. आपल्याकडे पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा मुलगी करते. सदऱ्याच्या बाहीत आखडलेला हात घालायला वीस मिनिटे लागत असतील आणि ती पाच झाली, तर त्या बाईच्या दिवसातली पंधरा मिनिटे तिला परत मिळाली. आरोग्यखात्याच्या कोणत्याही हिशेबात ही पंधरा मिनिटे धरली जात नाहीत. ती धरली पाहिजेत.

पायाचा विचार हाताहून अवघड आहे. टाच टेकत नाही, पाऊल आत वळते, चवड्याच्या बाहेरच्या कडेवर भार येऊन घोटा मुरगळतो. अशा वेळी पोटरीच्या आणि पाऊल आत ओढणाऱ्या स्नायूत इंजेक्शन दिल्याने पाऊल सपाट पडायला मदत होते. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंचा ताठरपणा हा अनेकांचा आधार असतो. दुबळ्या पायाचा गुडघा त्या ताठरपणामुळेच वाकत नाही आणि माणूस उभा राहतो. तो काढून घेतला तर चालता माणूस खुर्चीत बसू शकतो. खेड्यातल्या घरी उंबरा आहे, परसदारी दोन पायऱ्या आहेत, संडास भारतीय पद्धतीचा आहे. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर चार पावले चालवून पाहून हा निर्णय घेता येत नाही. पायाला सुई लावण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाच्या घराचा नकाशा विचारायला हवा, आणि हे मी अक्षरशः म्हणतो.

धोक्यांबद्दल अतिशयोक्ती नको, लपवाछपवीही नको. योग्य मात्रेत आणि योग्य स्नायूत दिलेले हे औषध बरेच सुरक्षित ठरले आहे. तरी शेजारच्या स्नायूत झिरपून नको तिथे दुबळेपणा येऊ शकतो. क्वचित ते लांब पसरून गिळायला आणि श्वासाला त्रास होतो. अमेरिकेने २००९ पासून या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीत हा इशारा छापणे बंधनकारक केले. पक्षाघाताच्या ज्या रुग्णाला आधीच ठसका लागतो, त्याच्या बाबतीत हा इशारा कागदावरचा राहत नाही. शिवाय एका कंपनीच्या औषधाचे 'युनिट' दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही. स्वस्त मिळाले म्हणून नाव बदलले आणि आकडा तोच ठेवला, तर मात्रा चुकते. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे लोक रुग्णालयात भरती झाले होते. कुपी कोणती, ती फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत राहिली होती का, हे विचारण्यात रुग्णाने संकोच करू नये.

पैशाचा प्रश्न इथे टाळता येत नाही. कुपी साधारण शंभर युनिटची असते. एका आखडलेल्या हाताला दोनशे ते चारशे युनिट लागू शकतात. एकेका कुपीची किंमत हजारो रुपये, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तोच खर्च. महिन्याला पंधरा हजार कमावणाऱ्या घरात याचा अर्थ सोने मोडणे किंवा मुलाची फी थांबवणे असा होतो. आपल्या सरकारी आरोग्य योजनांची रचना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती झाली. दर तिमाहीला ओपीडीत टोचून घ्यायचे औषध आणि त्यानंतरचे आठवडोन्‌आठवडे व्यायाम त्या चौकटीत सहज बसत नाहीत. झटक्याच्या पहिल्या दहा दिवसांवर समाज पैसा उभा करतो. पुढची दहा वर्षे ज्याची त्याला.

म्हणूनच पर्यायांकडे गंभीरपणे पाहायला हवे. बॅक्लोफेन, टिझानिडीन या गोळ्या स्वस्त आहेत आणि सर्वत्र मिळतात. संपूर्ण शरीर ताठर असेल तेव्हा त्यांना अर्थ आहे. पण एका मुठीसाठी त्या घेतल्या तर गुंगी आणि अशक्तपणा सगळ्या शरीराला सोसावा लागतो. म्हातारा माणूस पेंगतो, तोल जाऊन पडतो. बॅक्लोफेन एकाएकी बंद केले तर आचके येऊ शकतात, हेही घरच्यांना फार कमी वेळा सांगितले जाते. दुसरा पर्याय फिनॉलचा. पाच-सहा टक्के तीव्रतेचे फिनॉल मज्जातंतूपाशी टोचून तो तंतू काही महिन्यांसाठी निकामी करता येतो. ही पद्धत टॉक्सिनच्या कितीतरी आधीपासून आहे आणि औषधाचा खर्च नगण्य आहे. मांड्या एकमेकींत आवळून बसल्या असतील आणि लघवी-शौचाची स्वच्छता अशक्य झाली असेल, तर मांडीच्या आतल्या बाजूच्या तंतूला दिलेले फिनॉल त्या घराचा दिवस बदलू शकते. कोपर दुमडलेले असेल तरी त्याचा विचार होतो. उणे बाजू अशी की संवेदना वाहणारा तंतू त्यात सापडला तर जळजळीचे दुखणे मागे लागते. म्हणून बोटांच्या बारीक स्नायूंसाठी ते योग्य नाही आणि देणाऱ्याचा हात तयार लागतो. हे कसब आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जिवंत राहावे असे मला कळकळीने वाटते. महाग औषध परवडत नाही म्हणून काहीच नको, या ठिकाणी येण्यापूर्वी फिनॉलचा मुक्काम आहे.

आणि मालिश? तेलाची मालिश करणाऱ्यांपासून कबुतराचे रक्त चोळणाऱ्यांपर्यंत अनेक दारे पक्षाघाताच्या घराने ठोठावलेली असतात. त्या कुटुंबांना मी दोष देणार नाही. इतर दारे बंद असतात म्हणूनच ती तिकडे जातात.

आता फिजिओथेरपीकडे येऊ, कारण समर्थकांचा युक्तिवाद इथेच सर्वांत कच्चा आहे. सुई दिली की तीन महिने हात सैल. त्या तीन महिन्यांत हाताला स्प्लिंट बसवणे, बसण्या-झोपण्याची ठेवण बदलणे, जे थोडे बळ आहे ते कामात जुंपणे, हे झाले नाही तर खिडकी उघडून पुन्हा बंद झाली एवढेच. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या मार्गदर्शिकेतही टॉक्सिनला पुनर्वसनाच्या आराखड्याचा भाग मानले आहे. सुटा उपचार म्हणून नाही. अण्णांच्या बाबतीत नेमके हेच राहिले. इंजेक्शने झाली, एका कागदावर चार व्यायामांची चित्रे मिळाली, पुढची तारीख मिळाली नाही.

मात्र व्यायामाच्या बाजूनेही प्रामाणिक राहायला हवे. नुसता सांधा ताणत राहिल्याने तो मोकळा राहतो या समजुतीला २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने आधार दिला नाही. आणि 'घरचेच शिकतील, घरचेच करतील' हा आपल्याला सोयीचा वाटणारा तोडगा भारतातच तपासला गेला आहे. देशातल्या चौदा रुग्णालयांतले १२५० रुग्ण, त्यांच्या घरच्यांना दिलेले प्रशिक्षण आणि सहा महिन्यांनी केलेली मोजणी असा तो प्रयोग होता. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांतल्या रुग्णांच्या अपंगत्वात फरक आढळला नाही. काकूंसारख्या बायका कमी पडल्या असा याचा अर्थ मी लावत नाही. प्रशिक्षित थेरपिस्टचे काम घरच्या माणसाच्या प्रेमावर ढकलून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही, असा लावतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. पण चंदगडच्या किंवा अहेरीच्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा मुंबई गाठता येत नाही. त्याला तालुक्याच्या ठिकाणी माणूस हवा.

हे सगळे तोलून मी कोणत्या बाजूला आहे, ते आता सांगतो. हा उपचार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि टप्प्याटप्प्याने जिल्हा रुग्णालयांत मिळायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने आर्थिक कुवतीच्या मर्यादेत का होईना, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि दुखरी, सडू लागलेली मूठ हा त्या जबाबदारीचा सर्वांत साधा भाग आहे. पण हा उपचार सरसकट, प्रत्येक आखडलेल्या हाताला नको. पैसा थोडा असेल तर पहिला हक्क तळहाताला जखम झालेल्या, वेदनेने झोप गेलेल्या, स्वच्छता अशक्य झालेल्या रुग्णांचा. त्यांच्यासोबतच ज्यांची दबलेली बोटे भुलेच्या चाचणीत हललेली दिसली त्यांचा. नुसता हात बरा दिसावा यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये. इंजेक्शनाआधी उद्देश एका वाक्यात केसपेपरवर लिहिला जावा आणि त्यावर रुग्णाची किंवा शुश्रूषा करणाऱ्याची सही असावी. थेरपिस्टच्या तारखा सुईच्या आधी ठरलेल्या असाव्यात. त्या ठरत नसतील तर सुई पुढे ढकलावी, तळहातात जखम असलेल्या रुग्णाचा अपवाद करून. सहा आठवड्यांनी ते वाक्य पुन्हा वाचून पाहावे. दोन फेऱ्यांनंतरही ते खरे ठरले नाही तर थांबावे आणि थांबण्याचे कारण घरच्यांना बसवून सांगावे.

याला एक आक्षेप येईल आणि तो मला हलका वाटत नाही. जिल्हा रुग्णालयात आज झटक्याच्या पहिल्या काही तासांत द्यायचे गुठळी विरघळवणारे औषध वेळेवर देताना मारामार आहे. तो पैसा इकडे वळवायचा का? दोहोंत निवडच करायची झाली तर मी पहिल्या तासांचे औषधच निवडेन, कारण ते हात आखडण्यापासूनच वाचवू शकते. पण आजवर ज्यांचे हात वाचू शकले नाहीत, ते आपल्या घराघरांत आहेत आणि त्यांचे हात दररोज थोडे थोडे आखूड होत आहेत. सुरुवातीच्या महिन्यांतच टॉक्सिन दिल्यास मनगट कायमचे आखडणे कमी होईल का, याचीही ब्रिटनमध्ये अलीकडे चाचणी झाली. हाताच्या कामात फरक दिसला नाही, आखडण्यात थोडा दिसला. उशीर हा इथे स्वतःच एक आजार आहे. स्नायू आखूड झाल्यावर कितीही कुप्या आणल्या तरी उपयोग होत नाही, मग शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

खासगी दवाखान्यांकडे एकच मागणी आहे: 'हात परत येईल' हे वाक्य बोलू नका. ज्याला ते सांगता येण्यासारखे असेल असा रुग्ण क्वचित भेटतो, आणि त्यालाही ते तपासणीनंतरच सांगावे.

अण्णांची मूठ आठव्या दिवशी सैल झाली होती. काकूंनी कोमट पाण्याने आणि साबणाने तळहात धुतला, पुसला, पावडर लावली, आणि कितीतरी वेळ तो उघडा तळहात स्वतःच्या हातात धरून बसल्या. त्या रात्री अण्णा न कण्हता झोपले. चुलतभाऊ महिनाभर वाट पाहत राहिला, बोटे हलली नाहीत, आणि तो म्हणाला, "पैसे पाण्यात गेले." चार महिन्यांनी मूठ पुन्हा वळली. दुसऱ्यांदा इंजेक्शन घ्यायचे की नाही हे घरात ठरले तेव्हा काकूंना कुणी विचारले नाही.

तुमच्या घरी असा हात असेल, तर डॉक्टरांपुढे बसताना त्याची नखे कापणाऱ्या माणसाला सोबत न्या, आणि तिला आधी बोलू द्या.